बकुळ आत्याचा दोन जमिनींचा बोर्ड

माझी आत्या बकुळ पाळंदे वाक्य पुरं करत नाही. "तो कपॅसिटर आहे ना, तो जरा…" इतकं म्हणते आणि हात हवेत थोडा उजवीकडे झुकवते. पुढचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये तिने अडतीस वर्षं टेक्निकल असिस्टंट म्हणून काढली, तिथे सगळे समजून घ्यायचे. प्रोफेसर दारातूनच म्हणत, "बकुळजी, ज़रा देख लीजिएगा." ती म्हणे, "हां, ये थोड़ा…" आणि चहाच्या वेळेपर्यंत यंत्र चालू झालेलं असे. शोधनिबंध छापून आला की शेवटच्या पानावर, आभारात, टेबलखुर्च्या पुरवणाऱ्या विभागाच्या खाली तिचं नाव असे. एकदा तेही चुकून पलांडे छापलं होतं. पलांडू म्हणजे कांदा, चातुर्मास चालू होता, म्हणून बाबांनी तो अंक चार महिने माळ्यावर ठेवला, असं आत्या सांगते. बाबा म्हणतात, तीन.

आमचं घर उत्तरेतल्या तीर्थाच्या गावी, दूधविनायकच्या गल्लीत. बाबा म्हणजे यज्ञेश्वर पाळंदे, आत्याचे धाकटे भाऊ. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांचे तीर्थविधी ते करतात. फोनवर त्यांची मराठी इस्त्री केलेली असते: "हो हो, आपण अगदी निश्चिंत यावं, व्यवस्था उत्तम होईल." फोन ठेवला की त्याच तोंडाने खिडकीतून दूधवाल्याला विचारतात, "का गुरु, आज दूध में पानी ह कि पानी में दूध?" सकाळी साडेपाच ते नऊ ते सोवळ्यात असतात. त्या वेळात त्यांना शिवायचं नाही. काही द्यायचं असेल तर ते खाली ठेवून दोन पावलं मागे व्हायचं, मग ते उचलतात.

आत्याने हे सगळं एकोणिसाव्या वर्षी सोडलं. पॉलिटेक्निकमधून आली की तिच्या हाताला राळेचा आणि तापलेल्या सोल्डरचा वास यायचा, आणि आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही असा घरात हुकूम निघाला. थंडीचे दिवस होते. ती म्हणाली, मग मी बाहेरच जेवते. सहा महिने बाहेरच्या खोलीत, ड्रॉइंगच्या फळीवर ताट ठेवून जेवली. हुकूम कुणी मागे घेतला नाही. सातव्या महिन्यात नुसतं तिचं ताट आत मांडलं जाऊ लागलं. आमच्याकडे माघार अशीच घेतात. आता सकाळी आठला ती तेलकट बोटांनी चहा करायला येते, बाबा सोवळ्यात वळसा घालतात, तीही वळसा घालते, आणि अरुंद जागेत "सरक गं ताई", "तू सरक ना यज्ञू" हे रोजचं चालतं.

मागच्या वर्षी ती निवृत्त झाली. शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि लॅबच्या भंगाराच्या लिलावातून तिने एक जुना ऑसिलोस्कोप घरी आणला. ती त्याला स्कोप म्हणते. तारेतून धावणारी वीज तो पडद्यावर रेघ काढून दाखवतो, आणि वजनाला भरल्या बादलीइतका आहे.

इश्तियाकभाई पहिल्यांदा आले ते या स्कोपच्या बातमीवर. नदीपलीकडच्या रामनगरचे विणकर, पन्नाशीचे, थंडी लांब असतानाही मफलर कानावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारलेली. लॅबमधल्या कुणीतरी पत्ता दिला होता. गल्लीत तीन वेळा चुकून ते आमच्या उंबऱ्याशी उभे राहिले आणि हातातल्या पिशवीतून एक जळका बोर्ड काढला.

"सुने हैं दीदी, आप मरा हुआ बोर्ड जिला देती हैं."

त्यांच्या मागावर इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड होतं. पूर्वी साडीची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर असायची, पत्त्यांची ती लांब माळ मागावर फिरायची. आता नक्षी पेनड्राइव्हमध्ये असते. प्रत्येक आडवा धागा जायच्या आधी कुठले उभे धागे उचलायचे हे एक बोर्ड वरच्या तेराशे चव्वेचाळीस हुकांना सांगतो. तो बोर्डच जळला होता. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती, आणि तिच्या नंबरवर फोन उचलणाऱ्या गृहस्थांनी इश्तियाकभाईंना विमा घेता का म्हणून विचारलं होतं.

आत्याने बोर्ड उजेडात धरला. "ये तो…"

"गया?" इश्तियाकभाईंनी विचारलं.

"गया. नया बना देंगे."

आत स्वयंपाकघरात आईने कणकेतून हात काढून बाहेर डोकावून पाहिलं. नणंदेच्या तोंडून एका दमात दोन पुरी वाक्यं तिने ऐकली नव्हती.

नवा बोर्ड करायला तीन महिने लागले. आधी कागदावर, मग लॅपटॉपवर, मग पुन्हा कागदावर. अडतीस वर्षं तिने दुसऱ्यांचे बोर्ड जिवंत केले होते. तिच्या डोक्यातून निघालेला हा पहिला. छापून कुरियरने आला त्या दिवशी ती तो उशीजवळ घेऊन दुपारची झोपली, असं आई सगळ्यांना सांगते, आणि आत्या नाकारत नाही.

त्या बोर्डाची एक खासियत होती, आणि तिचा आत्याला अभिमान होता. बोर्डाच्या पोटात तांब्याचा पातळ पत्रा असतो. सगळ्या विजेने काम करून शेवटी तिथे परतायचं असतं. त्याला ग्राउंड म्हणतात. लॅबमध्ये हिंदीत सरळ ज़मीन म्हणायचे. आत्याने या जमिनीचे दोन तुकडे केले. एका बाजूला बोर्डाचा मेंदू, म्हणजे नाजूक चिप. दुसऱ्या बाजूला हुक ओढणाऱ्या चुंबकांची दांडगी वीज, चोवीस व्होल्टची, शेकडो हुक एकदम उचलताना धाडकन वाहणारी. लॅबच्या भाषेत ही साफ ज़मीन आणि ती गंदी ज़मीन. मध्ये दोन मिलिमीटरची कोरी फट. दोन्ही जमिनींची भेट फक्त एका लांबच्या कोपऱ्यात, जिथून वीज आत येते.

बाबांनी चष्मा चढवून पाहिलं आणि ते प्रसन्न झाले. म्हणाले, "म्हणजे हे सोवळं आणि हे ओवळं."

"तसंच काहीसं…"

"बघ ताई. चाळीस वर्षांनी का होईना, वळणावर आलीस."

आत्याने नाकातून फक्त फुस्स केलं.

जानेवारीत थंडीची लाट आली आणि शाळांना सुट्टी मिळाली, त्यामुळे रामनगरला सामान न्यायला आत्याला मदतीला माझा हात मिळाला. टोटोने, म्हणजे बॅटरीच्या रिक्षाने, लंका नावाच्या चौकापर्यंत, तिथून दुसऱ्या टोटोने पूल ओलांडून. धुक्यात नदी आहे की नाही हे चालकाच्या भरवशावर. इश्तियाकभाईंच्या कारखान्यात, म्हणजे घराच्या मागच्या लांबट खोलीत, एकच माग. त्यावर आत्याचा बोर्ड आदल्या आठवड्यातच बसला होता आणि साडीचं अंग सुरेख निघत होतं. बारीक बुट्ट्या, मध्ये भरपूर मोकळी जागा. पदर आला की मात्र बिघडत होतं.

पदरावर मोठ्या कैऱ्या होत्या, जरीने ठासून भरलेल्या. त्या कैऱ्यांवरून मधूनच एक आडवा ओरखडा जायचा, मांजराने नख ओढल्यासारखा. भिंगातून पाहिलं तर कळायचं की एका धाग्यापुरती सगळी नक्षी एका घराने बाजूला सरकली आहे. पुढचा धागा परत ठीक. असे ओरखडे एका पदरात पाच-सात.

आत्याला कारण लगेच कळलं होतं. बोर्ड हुकांना निरोप एका ओळीत पाठवतो: हो, नाही, नाही, हो, असे तेराशे चव्वेचाळीस. प्रत्येक निरोपाबरोबर शेजारच्या तारेवर एक टिचकी जाते, तिला क्लॉक म्हणतात. टिचकी वाजली की रांग एक घर पुढे सरकते. कुठल्यातरी गोंगाटामुळे समोरच्या टोकाला एक टिचकी जास्तीची ऐकू येत होती. मग मागची सगळी रांग एक घर चुकीच्या जागी. आणि गोंगाट होता तो भरगच्च धाग्यांना, म्हणजे शेकडो चुंबक एकदम ओढतात तेव्हा.

"काम तसं सावकाश," आत्या मला म्हणाली, "पण टिचकीची उडी…" आणि बोट सटकन वर नेलं. एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले तर त्यातल्या दोन-तीन तुकड्यांत ती टिचकी खालून वर पोचते. इतक्या जोरात उडी मारणाऱ्या तारेला गोंगाट लवकर चिकटतो.

तारखेची अडचण होती. खरमास संपला होता, लग्नं सुरू झाली होती. दक्षिणेतल्या एका दुकानासाठी माल पारखून घेणारे श्रीनिवासजी गुरुवारी सात साड्या बघायला येणार होते. ओरखडा असलेला पदर ते घेत नाहीत हे इश्तियाकभाईंना ठाऊक होतं. त्यांनी आत्याला आडपडदा न ठेवता सांगितलं: गुरुवारपर्यंत पदर साफ निघाला नाही तर शुक्रवारी मिस्त्री येऊन हे सगळं डोकं उतरवणार आणि जुनं पत्त्यांचं जॅकार्ड चढवणार. मिस्त्रीला सांगूनही ठेवलं होतं. त्यात राग नव्हता. "दीदी, आपने मेहनत बहुत की," एवढं म्हणाले. आत्याला ते रागापेक्षा लागलं. येताना टोटोतून उतरल्यावर म्हणाली, "तो बोर्ड तिथून उतरला, तर मग…" आणि या वेळी हात कुठेच झुकवला नाही.

मग गोंगाट गाळणं सुरू झालं. गाळणं म्हणजे चहासारखंच: हवं ते जाऊ द्यायचं, नको ते अडवायचं. सोमवारी तिने क्लॉकच्या तारेवर एक चिमुकला कपॅसिटर लावला. ओरखडे सातावरून पाचावर आले. मंगळवारी थोडा मोठा लावला. ओरखडे अकरा झाले. कपॅसिटर गोंगाट खातो, पण उडीलाही ओढून धरतो. सरळ उडीची घसरगुंडी होते. घसरगुंडीच्या मधोमध चिपला ठरवता येत नाही की हे हो आहे की नाही, आणि नेमका तिथेच गोंगाट आला की ती दोनदा हो ऐकते. आत्याने मोठा कपॅसिटर काढला आणि फेराइटचे मणी ओवले. काळे, मुगाएवढे, मधून तार जाते. गोंगाट त्यांच्यात शिरतो आणि उष्णता होऊन विरतो. निरोपाची, टिचकीची आणि ‘आता उचला’ सांगणारी, अशा तिन्ही तारांवर मणी, विजेच्या तारेवर मणी, केबलवर मोठं कडं.

आईने आत्याच्या फोनवरच्या फोटोत ते पाहिलं आणि म्हणाली, "वन्सं, स्वतःच्या गळ्यात काळे मणी पडू दिले नाहीत, आणि याला तीन पदरी."

"याला गरज आहे," आत्या म्हणाली.

मण्यांनी ओरखडे चारावर आणले. चारच्या खाली काही जाईनात. श्रीनिवासजींना चार आणि चाळीस सारखेच.

बुधवारी सकाळी आम्ही स्कोप घेऊन गेलो. आत्याने स्कोपच्या दोन तारा जोडल्या. एकीचं टोक क्लॉकवर फटीच्या अलीकडे, दुसरीचं फटीच्या पलीकडे. प्रत्येक तारेला एक काळा चिमटा असतो, तो जवळच्या जमिनीला धरायचा. तिने नेमाने एक चिमटा साफ जमिनीला लावला, दुसरा गंद्या जमिनीला. इश्तियाकभाईंनी माग चालू केला. खटाक-खट, खटाक-खट, आणि भरगच्च धागा आला की वरचे हुक एकदम, पोत्यातून सुपाऱ्या ओतल्यासारखे. पदर सरकत राहिला. एक कैरी, दोन कैऱ्या, सहा. ओरखडा नाही.

तासभर ओरखडा नाही. पडद्यावर क्लॉकची रेघ अगदी शहाण्यासारखी. आत्या आनंदली नाही; तिचा चेहरा पडला. आजार समोर आल्याशिवाय औषध कसं द्यायचं. तिने चिमटे काढले, माग चालू केला, आणि पाचव्या मिनिटाला ओरखडा. चिमटे लावले, ओरखडा गायब. काढले, हजर.

इश्तियाकभाई चहा घेऊन आले आणि स्कोपकडे आदराने बघत म्हणाले की हे तर डॉक्टर दारात आला की ताप उतरणाऱ्या पोरासारखं झालं. मग त्यांनी सुचवलं की डॉक्टरसाहेबांना इथेच राहू द्या, आम्ही रजई देऊ, दोन वेळची रोटी देऊ. आत्या हसली, पण डोळे बोर्डावरच होते. तिचा तर्क असा की स्कोपच्या तारा गोंगाट शोषून घेत असाव्यात. म्हणून तिने तेवढ्याच ताकदीचे कपॅसिटर तारेवर लावून पाहिले. काही नाही. दोन वाजेपर्यंत हेच चाललं. बोर्डावर आता इतके कपॅसिटर आणि मणी झाले होते की तो देवळात नवसाला गेल्यासारखा दिसत होता.

जेवायला इश्तियाकभाईंच्या घरून खिचडी आणि मुळ्याचं लोणचं आलं. खाता खाता त्यांनी आत्याला सगळं नीट समजावून सांगायला सांगितलं. रात्री उशिरापर्यंत घरात बोलणं होतं, म्हणाले, बायको विचारते दीदी नेमकं करतात काय, आपल्याला काय सांगायचं. आत्याने ताटाच्या कडेला लोणच्याच्या तेलाने चित्र काढलं. इथे मेंदू. इथे हुक. इथून टिचकी निघाली, या तारेने गेली, फट ओलांडून पलीकडे पोचली.

इश्तियाकभाई चित्राकडे बघत राहिले. बोटाने त्यांनी तिच्या रेघेवरून एकदा प्रवास केला, मेंदूपासून हुकापर्यंत. मग बोट तिथेच थांबलं.

"जाती किस रास्ते है, ये तो समझ गए," ते म्हणाले. "लौटती किस रास्ते है?"

आत्याने मान वर केली.

"मतलब हमारी ढरकी" – म्हणजे आडवा धागा घेऊन जाणारा धोटा – "इधर से फेंको तो उधर से लौटनी भी चाहिए. नहीं लौटी तो दूसरा धागा काहे से डालेंगे? ई बिजली एक्के ओर जात है का?"

आत्याने घास खाली ठेवला. चित्रातल्या फटीवर बोट ठेवलं, मग फटीच्या कडेकडेने ते लांब नेलं, पार ताटाच्या काठापर्यंत, कोपऱ्यातल्या एकुलत्या भेटीच्या जागेपर्यंत, आणि तिथून दुसऱ्या बाजूने तेवढंच लांब परत. टिचकी सरळ तीन सेंटिमीटर जात होती. तिची परतीची वीज तिच्या खालूनच, चिकटून, परत यायला बघते. पण खाली फट होती. म्हणून ती सगळ्या बोर्डाला वळसा घालून येत होती, आणि वाटेत, नेमकी चुंबकांच्या दांडग्या विजेच्या अंगणातून. एवढा मोठा वळसा म्हणजे गोंगाट पकडायला पसरलेलं जाळंच. तारेवर कितीही मणी ओवले तरी जाळं तसंच.

"चिमटे," आत्या म्हणाली. "ते दोन्ही काळे चिमटे आत स्कोपमध्ये एकमेकांना…"

ते पुढचं आम्हाला दोघांनाही समजलं. स्कोप काहीच शोषत नव्हता. एक चिमटा सोवळ्याला, एक ओवळ्याला, आणि स्कोपच्या पोटात दोघांची गाठ. परतीला जवळची वाट मिळत होती, म्हणून ओरखडा जात होता.

आत्या भिंतीला टेकली आणि हसायला लागली. आधी आवाज न करता, मग खांदे हलवून. इश्तियाकभाई घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन आले.

"हमने इसको छुआछूत में रखा था," ती त्यांना म्हणाली. "अपने हाथ से."

इश्तियाकभाईंनी बोर्डाकडे पाहिलं.

"बोर्डवा में भी, दीदी?"

आता ती रडत होती की हसत होती सांगता येत नव्हतं. एकोणीस वर्षांची असताना जी गोष्ट तिने सहा महिने बाहेर जेवून मोडली, ती एकसष्टाव्या वर्षी तिने स्वतः, पट्टी लावून, दोन मिलिमीटर रुंद आखली होती. लॅबमध्ये सगळे असंच करतात म्हणून असेल, ती म्हणाली. पण लॅबमध्ये जिथे अशी फट असते तिथे तिच्यावरून जलद तार नेत नाहीत, हे तिला माहीत होतं, विद्यार्थ्यांना तिनेच शेकडो वेळा सांगितलं होतं. स्वतःच्या बोर्डावर मात्र फट इतकी आवडली होती की वर काय चाललंय ते बघायचंच राहिलं.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. तिच्या पिशवीत तांब्याच्या बारीक तारांची चपटी वेणी असते, वितळलेलं सोल्डर टिपून घ्यायची. तिचा बोटभर तुकडा कापून तिने बोर्डाच्या मागच्या बाजूला, बरोबर तिन्ही तारांच्या खाली, फटीवर आडवा ठेवला आणि दोन्ही काठांना घट्ट डाग दिला. राळेचा धूर निघाला. मग तिने कपॅसिटर एकेक करून काढले. आपण लावलेली वस्तू काढताना माणसाचा हात जड होतो, तिचा नव्हता. मणीही काढले, फक्त विजेच्या वाटेवरचा एक ठेवला, कारण तो त्याच्या जागी होता. आणि प्रत्येक तारेच्या उगमाशी एकेक छोटा रेझिस्टर लावला, उडी जराशी सावरून मारावी म्हणून.

माग चालू झाला. पहिल्या कैरीला इश्तियाकभाई कापडापासून वीतभर अंतरावर नाक ठेवून वाकले होते. तिसऱ्या कैरीला ते सरळ झाले. पदर पुरा झाला तेव्हा बाहेर अजून उजेड होता, आणि ओरखडा एकही नव्हता. आत्या लगेच उठली नाही. तिने आणखी एक पदर चालवायला सांगितला, आणि तो निघेपर्यंत स्कोप न लावता, हात मांडीवर ठेवून, नुसती ऐकत बसली.

घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी बारकाईने ऐकून घेतलं, फट किती रुंद होती ते पुन्हा विचारलं, आणि म्हणाले की शास्त्रात अशा प्रसंगाला अपवाद नक्की असेल, बघून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

गुरुवारी श्रीनिवासजी आले. उंच गृहस्थ, स्वेटरवर स्वेटर, हिंदी सावकाश आणि प्रत्येक शब्द धुऊन ठेवल्यासारखी. त्यांची पारखायची रीत वेगळी होती. पदर सुलटा बघितलाच नाही. उलटा केला, खिडकीशी धरला, आणि पाठीकडून भिंग फिरवत गेले. सातही साड्या. बुधवारच्या आधी विणलेल्या पाच पदरांत ओरखडे होतेच, ते इश्तियाकभाईंनी न लपवता आधीच वेगळे काढून सांगितले. श्रीनिवासजींनी रात्रभर माग चालवून पुऱ्या झालेल्या दोन चांगल्या साड्या मांडीवर घेतल्या.

"ये दो और वो पाँच, एक मशीन का है?"

"एक्के मशीन, एक्के बोर्ड. खाली बीच में ज़रा इलाज हुआ है."

"कौन किया?"

इश्तियाकभाईंनी आत्याकडे हात केला. श्रीनिवासजींनी दोन्ही हात जोडले, आणि बाकी पाच साड्या पुन्हा विणून पुढच्या पंधरवड्यात द्या म्हणाले. भिंग डबीत ठेवलं, चहा घेतला, गेले.

ते गेल्यावर आत्याने बोर्ड सोडवायला पेचकस काढला. तिचं आधीपासून ठरलेलं होतं. बोर्ड घरी न्यायचा, महिन्याभरात नवा छापून आणायचा, एका अखंड जमिनीचा, नीट. ही वेणी म्हणजे ठिगळ होतं. तिचा पहिला बोर्ड, आणि पाठीवर ठिगळ. कुणी झाकण उघडलं तर पहिलं तेच दिसणार.

इश्तियाकभाई माग आणि तिच्या मध्ये येऊन उभे राहिले.

"चलती मशीन पर हाथ न धरने देंगे, दीदी."

ती म्हणाली की ते फार ओबडधोबड आहे. त्यांनी विचारलं, पदरात दिसतंय? नाही. पदराच्या पाठीवर दिसतंय? नाही. मग? आत्याने पुन्हा तोंड उघडलं, पण त्यांनी तिच्या हातातून पेचकस काढून घेतला, अगदी हळू, घरातल्या मोठ्या बहिणीच्या हातातून जड पिशवी घ्यावी तसा. नवा बोर्ड अवश्य करा, म्हणाले, शेजारच्या गल्लीत माझ्या मेहुण्याचा माग आहे, त्याचा बोर्डही खोकत असतो. हा इथून हलणार नाही.

शुक्रवारी मिस्त्री आलाच. त्याला येऊ नको म्हणून सांगायचं सगळेच विसरले होते. आत्या घाईत लावलेले रेझिस्टर नीट चिकटवायला तिथे गेली होती. मिस्त्रीने पान्यांची पिशवी खाली ठेवली, झाकणाच्या आत डोकावला आणि विचारलं, ही तांब्याची वेणी कशाला.

इश्तियाकभाईंनी बाही वर केली. "देखो," ते म्हणाले, "जाने का रास्ता दीदी ने बनाया था. लौटने का हम पूछे." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, ढरकीपासून चिमट्यांपर्यंत, जमीन कशी दोन होती आणि कशी एक झाली, अर्धं बरोबर आणि अर्धं मनाचं. मधे एकदा आत्या म्हणाली, "रेज़िस्टर भी लगाए हैं, वो…" पण कुणी ऐकलं नाही. मिस्त्री मान हलवत होता. चहा आला. इश्तियाकभाईंनी मागाचं बटण दाबलं, भरगच्च धागा आला, वरचे सगळे हुक एकदम सुटले, आणि पुढचं सांगणं त्यांना हातवारे करूनच पुरं करावं लागलं.